भर चौकातून

आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी मी गावातल्या पुरुषांना डब्या वाटल्या होत्या. पण शौचाचा नमुना घेऊन आरोग्य केंद्रात यायची लाज वाटायची, त्यामुळे एकही डबी परत आली नाही.

बाजाराच्या दिवशी घोडेवाले बेल्मिरोकाका डबी उघड हातात धरून, ताठ मानेनं भर चौकातून निघाले.

कॅफेसमोर बसलेला अमांदियु ओरडला, "काय रे, कुणासाठी भेट नेतोस?"

"सिस्टरसाठी. माझी शी आहे! तुझी कधी देतोस, आतडं सडल्यावर?"

सगळा कॅफे खो खो हसला. पण त्याच आठवड्यात अमांदियुसकट तिथले बहुतेक सगळे डब्या घेऊन माझ्या दारात आले.

बेल्मिरोकाकांची डबी मात्र मी तपासायला पाठवलीच नाही. ती रिकामी होती. मागच्याच वर्षी लिस्बनला त्यांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. मुलीकडे राहायला जातो, असं त्यांनी गावात सांगितलं होतं.

"मग हा खटाटोप कशाला, काका?" मी विचारलं.

"लाजेपायी मला उशीर झाला, सिस्टर. यांना नको व्हायला."