दिवा वाजला

तिसऱ्यांदाही लॅपटॉपवरचा फोन काळाच राहिला. सुनेने कपाळाला हात लावला.

फोन म्हणजे खरा नव्हे. पडद्यावर उघडणारा, आभासी. स्वतः बनवलेलं ॲप तिला त्यावर चालवून बघायचं होतं. मागे सासऱ्यांच्या खऱ्या फोनवर असलाच प्रयोग केला, तर तो दोन दिवस बंद पडला. त्यात सासूबाईंचे फोटो होते. फोटो परत मिळाले, पण सासरे आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

चाळीस वर्षं कारखान्यात लेथ मशीन चालवून त्यांचे कान गेले होते. गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. नातीला ताप भरला होता. नुसतं शाळेचं नाव दिसलं असतं तरी ते धावले असते. पण फोन आतल्या खोलीत वाजून वाजून थांबला आणि ते खिडकीपाशी पेपर वाचत बसले. पोर दोन तास वाट बघत राहिली. तेव्हापासून घरी एकटं राहायची वेळ आली की त्यांचा चेहरा उतरायचा.

सुनेने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, आणि तो सुरू होता होताच त्याच्या अगदी मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये शिरली. यंत्रात दुसरं यंत्र चालवायची परवानगीच तिथे बंद होती. ती चालू केली. सासऱ्यांच्या फोनएवढाच पडदा आणि तेवढीच मेमरी असलेला फोन नव्याने तयार केला. या खेपेला तो उजळला. तिने त्यात ॲप घातलं आणि ते स्वयंपाकघरातल्या दिव्याशी जोडलं.

तिथे सासरे पाठमोरे बसून मटार सोलत होते. दिवा लुकलुकला की फोन आलाय समजायचं, हे तिने सकाळीच त्यांना कागदावर लिहून दाखवलं होतं. "दिव्याला काय कळतंय फोनमधलं!" म्हणत त्यांनी कागद बाजूला सारला होता.

तिने आभासी फोनवर खोटा कॉल लावला. दिवा ढिम्म. ॲपला कॉल बघायची परवानगी द्यायची राहिली होती. ती दिली. पुन्हा कॉल लावला.

लॅपटॉपमधून रिंग वाजू लागली. दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा, तीनदा. शेंग सोलता सोलता सासऱ्यांचा हात थांबला. ते वर बघत राहिले. सुनेचे डोळे भरून आले. रिंग बंद करायचंही तिला सुचेना.

खुर्ची मागे सारून सासरे उठले. दारात येऊन खणखणीत आवाजात ओरडले,

"अगं, केव्हाचा फोन वाजतोय! ऐकू येत नाही का तुला?"