उबेची खोली

सुश्रुतच्या ऑटोक्रॉस मोटारशर्यतीच्या टायरांसाठी घरातली एक खोली दिवसभर तापलेली असते. रोज आइंडहोवनच्या ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी तो त्या रबरात कडकपणा मोजायच्या मीटरची सुई टोचतो, मग अंगठ्याचं नख रुतवून बघतो. "अठ्ठावन्न. लोणी आहे लोणी. गारठलं की दगड होतं बघ, वळणावर जमीन सोडतं."

पुण्याहून आलेल्या सासूबाई मात्र मागच्या खोलीत. गॅस वाचवायचा म्हणून तिथला हीटर बंद. सकाळी त्यांची बोटं इतकी आखडलेली असतात, की वेणी मला घालावी लागते. मी तीनदा भांडले. तो म्हणाला, "उगाच बाऊ करू नकोस, मंजूषा. तिथं काही एवढी थंडी नाही."

काल तो ऑफिसला गेल्यावर सासूबाईंनी पदर खोचला. आम्ही दोघींनी चारही टायर गडगडत मागच्या खोलीत नेले आणि त्यांची गादी इकडे उबेत आणली.

संध्याकाळी तो माझ्यावर ओरडला, "अक्कल आहे का? टायर मी आधी तिथंच ठेवणार होतो. मोजलं तर सात डिग्री. म्हणून तर ती खोली आईला दिली."