एक डाग नाही

"छान आहे गं. स्वच्छ. एक डाग नाही," अप्पा फोनवर म्हणाले आणि पोरीचा चेहरा उतरला.

बस्स? तिनं नव्या वेबसाइटची लिंक पाठवल्यापासून रोज सकाळी दुकानाचं शटर वर केलं की अप्पा तिचं पान उघडून बघायचे. आणि तिनं फोन केला की रोज हीच दाद. जन्मभर लॉन्ड्री चालवलेल्या माणसाच्या तोंडी 'एक डाग नाही' म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. शाळेत पहिली आली तेव्हासुद्धा त्यांनी नुसतं 'हं' केलं होतं. पण त्या पानावर, ऐन मधोमध, खुद्द अप्पांचा फोटो होता. हातात इस्त्री, पुढ्यात शर्ट. त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही!

पान तिच्या कंपनीचं होतं. घरबसल्या कपडे धुवायला द्यायची सोय. साहेबांना त्यावर कुणी देखणा मॉडेल हवा होता. पोरगी हट्टाला पेटली. "ज्याला साधी घडी घालता येत नाही, त्याचा फोटो कशाला?" म्हणाली आणि अप्पांचा लावून मोकळी झाली. ती कॉम्प्युटरच्या नादी लागली, दुकानात बसली नाही, हे अप्पांना लागलं होतं. ते बोलले नव्हते, पण लागलं होतं. 'अप्पा, मी दुकान सोडलं नाही हो,' हे तिला तोंडानं सांगता येईना, म्हणून तिनं फोटो लावला. आणि अप्पा गप्प. म्हणजे राग अजून गेलेला नाही, असं ती धरून चालली होती.

ऑफिसात तिचं काम तसं नाठाळच. फोन आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्या बड्या कंपन्यांचं एकमेकींशी पटत नाही. प्रत्येकीची चूल वेगळी, हट्ट वेगळे. एकच पान, पण एकीच्या फोनवर बटण जागेवर, दुसरीच्या फोनवर गायब. इकडे झाकावं तर तिकडे उघडं पडतं. सगळीकडे सारखं दिसावं म्हणून ही दिवसभर ठिगळं लावत बसायची.

आणि ती ठिगळं उसवून बघायला होत्या सासूबाई. म्हणजे तपासनीस बाई; पण सगळं ऑफिस त्यांना तोंडावर सासूबाईच म्हणायचं. त्या दिवशी त्यांनी एक जुनापुराणा टॅब तिच्या टेबलावर आदळला.

"या डबड्यावर तुझं पान उघडत नाही."

"माझ्याकडे तर चालतंय."

"तुझ्याकडे चालतंय म्हणून सगळं जग तुझ्याकडे राहायला येणार आहे का?"

टॅब बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. असल्या जुन्या टॅबचा नाद सोडायचं साहेबांनी जवळजवळ ठरवलंच होतं, फक्त हिचा होकार बाकी होता.

"सोडून द्या ना. कोण वापरतं हे भंगार?"

"एक जण वापरतो. नोंदीत दिसतं ना, रोज सकाळी पानावर येतो, थोडा वेळ थांबतो, कुठेही बोट लावत नाही आणि निघून जातो."

"कोण हा रिकामटेकडा!" पोरगी हसली. पण हसता हसता तिची नजर पुन्हा त्या टॅबकडे गेली. रोज दारात येऊन उभं राहणारं माणूस, आणि दार बंद. अप्पा शटर अर्धं खाली ओढलेलं असलं तरी म्हणायचे, 'आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. काय आहे ते घे त्याच्याकडून.' ती निमूटपणे खुर्ची ओढून बसली. त्या एका डबड्यासाठी तिनं अख्खा आठवडा घातला. साहेब वैतागले, सोबतच्यांनी टिंगल केली. शेवटी पान आलं, फोटोसकट, आणि सासूबाई चक्क हसल्या. नवलच म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा फोन. अप्पा आपणहून कधी फोन करत नसत. तिनं पहिल्या रिंगलाच उचलला.

"पोरी, घात झाला. तुझं पान खराब झालं गं!"

"म्हणजे?"

"अगं, कालपर्यंत कसं पांढरंशुभ्र होतं! नुकत्या धुतलेल्या चादरीसारखं. मी येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचो, बघा माझ्या पोरीचं काम, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि आज बघतो तर सगळा रंग लागलाय, अक्षरं उमटलीत, आणि मधोमध कुणीतरी थेरडा येऊन उभा राहिलाय. साहेब ओरडायच्या आत पुसून टाक!"

"अप्पा," पोरगी म्हणाली, "मी दिलेला नवा फोन कुठे आहे?"

"कपाटात, पिशवीत. उगाच खराब व्हायचा. साबणवाल्यानं दिलेला जुना टॅब आहे की, त्याला काय झालंय?"

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. इतके दिवस हा माणूस कोऱ्या पानाचं कौतुक करत होता. त्यावर काही नसताना.

"अप्पा, चष्मा लावा. आणि त्या थेरड्याकडे नीट बघा."

पलीकडे खुडबुड झाली. मग अप्पांनी घसा खाकरला, दोनदा.

"पुसू नकोस," ते म्हणाले. "कॉलरवर चहाचा डाग दिसतोय माझ्या... तोसुद्धा राहू दे."