बारावा शब्द

जामसरजवळच्या एका पाड्यावर चंदनाबाई नव्यानेच शिकवायला आल्या होत्या. त्या दुपारी त्यांनी फळ्यावर ए, ई, एच, आर, टी ही इंग्रजी अक्षरं लिहिली आणि म्हणाल्या, "यातून प्रत्येकीनं एकेक शब्द शोधायचा."

वर्गात अकरा मुली होत्या. रॅट, हॅट, ईट... मुली ओरडत होत्या आणि बाई पाठमोऱ्या उभ्या राहून एका ओळीत लिहीत होत्या.

शेवटी मोजले, तर शब्द बारा. मधेच एक 'अर्थ' होता, म्हणजे माती. अक्षर बाईंचंच होतं, पण लिहिल्याचं त्यांना काही केल्या आठवेना.

"हा कोणी सांगितला गं?"

अकराही जणींनी नकारार्थी माना हलवल्या.

"बरं, आपापल्या शब्दाखाली उभ्या राहा पाहू."

मुली मुकाट्यानं फळ्यापाशी आल्या. 'अर्थ'खाली मात्र त्यांनी एका मुलीपुरती जागा सोडली. त्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या मुली अंग चोरून उभ्या होत्या.

उसनं हसू आणून बाई तो शब्द पुसायला पुढे झाल्या.

तेवढ्यात त्या जागेशेजारी उभ्या असलेल्या भागीनं त्यांची ओढणी घट्ट धरली.

"बाई, थांबा," ती कुजबुजली. "तिच्या पायावर पाय पडंल तुमचा."