वाटेचा निकाल

"साहेब, आज बाहेर बसणार?" सुलतानाने फाइल ठेवत विचारलं. लिपिक म्हणून कचेरीत येऊन तिला महिनाच झाला होता.

"आजचा दिवस इथंच," निषाद कदम म्हणाले.

ते नायब तहसीलदाराच्या आपल्या जुन्या टेबलाशी बसले होते. आतल्या दालनावरची 'तहसीलदार' ही पाटी त्यांनी सकाळी स्वतःच उतरवली होती. त्यांची बढती तात्पुरती. अकरा-अकरा महिन्यांनी वाढायची. या खेपेचा आदेश अजून आला नव्हता. साहेबांनी धास्ती घेतली, असं सुलतानाला वाटलं.

समोरच्या बाकावर मुठा गावच्या सारजाबाई बसल्या होत्या. त्यांच्या भातखाचराची वाट वरपर्यंत ओळखी असलेल्या जनार्दन या जमीनदलालाने बंगल्यांच्या प्लॉटसाठी भिंत घालून अडवली होती. निकाल तहसीलदार म्हणून कदमांनी द्यायचा होता.

"दुसरी वाट न्हाई, साहेब. खाचर पडीक पडंल माजं."

कदमांनी मान वर केली नाही.

जनार्दन हसतच आला. "पाटी उतरली वाटतं?" खुर्ची ओढून त्याने टाइप केलेला निकाल पुढे सरकवला. भिंत कायम, वाट नामंजूर. "सही करा. उद्या सकाळी मुदतवाढ तुमच्या हातात. न्हाईतर दुसरा साहेब आणतो, त्यो करंल."

कदमांचा हात दगडाखाली होता. त्यांनी पेन उघडलं आणि सही केली.

"तारीख टाका. मागनं घोळ नको."

कदमांनी तारीख टाकली. तेरा.

सारजाबाईंनी पिशवी उचलली आणि त्या एसटी स्टँडकडे निघाल्या. सुलतानाला साहेबांची किळस आली. दुपारी तिने त्यांचा चहासुद्धा सांगितला नाही.

जनार्दन शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी दहालाच आदेश आला. कदमांनी तो दोनदा वाचला, पाटी पुन्हा लावली आणि आतल्या खुर्चीत जाऊन बसले.

"सारजाबाईंना बोलावून घ्या. त्यांना वाट द्यायचीय. निकाल टाइप करा."

"निकाल तर काल दिलात," सुलताना तुटकपणे म्हणाली.

कदमांनी आदेश तिच्यापुढे धरला. ती वाचू लागली. 'मागील मुदत बारा तारखेस संपुष्टात. नेहमीप्रमाणे एक दिवसाचा तांत्रिक खंड देऊन, चौदा तारखेपासून पुढील अकरा महिने…'

"काल या कचेरीत," कदम म्हणाले, "तहसीलदारच नव्हता."