वहिनीचा पत्ता

“माग लागलाय,” फोनवर बाई म्हणाल्या. “दार तेवढं सापडायचंय.”

कंत्राटदार दुकानाच्या कोपऱ्यात सरकला. फोन दुकानदाराचा होता. दर खेपेला तो असाच कुणाचा तरी फोन मागून घ्यायचा.

“कसा लागला?”

“शिलाई मशीनवरून. माणूस घर बदलतो, नाव बदलतो, पण मशीन दुरुस्त करणारा बदलत नाही. त्या कारागिराला म्हटलं, वहिनींचे काही जुने पैसे परत करायचेत. लगेच बोलायला लागला.”

कंत्राटदाराला हसू आलं. वहिनी स्वतःला फार शहाणी समजायची.

पैसे बुडवून पसार झालेल्यांना हुडकून काढणं हा बाईंचा धंदा. त्यांचा नंबर मामेभावानं दिला होता. सगळ्या नातेवाइकांत कंत्राटदार फक्त त्याच्याशीच अधूनमधून बोलायचा. वहिनीनं वर्कशॉपची जागा विकली, बक्कळ पैसा हातात आला आणि ती कुणाला न सांगता निघून गेली, ही बातमीही मामेभावाचीच. जागा दोघा भावांची होती. थोरला गेला, म्हणून धाकट्याचा हिस्सा बुडत नाही.

“हिस्सा तर घेणारच,” पहिल्याच फोनवर त्यानं बाईंना सांगितलं होतं. “पण मला तिचं तोंड बघायचंय. भाऊ गेल्यावर मी तिला सांभाळलं आणि हिनं गावभर माझी बदनामी केली. माझा धंदा बसला. तिच्यामुळे मला गाव सोडावं लागलं. तिला रस्त्यावर आणल्याशिवाय मला झोप लागायची नाही.”

“राग असला की काम सोपं होतं, साहेब,” बाई म्हणाल्या होत्या. “तुम्ही सध्या कुठं असता?”

“ते राहू द्या. धंद्यातले शत्रू आहेत माझे.”

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. हे त्याला आवडलं.

मग दर आठवड्याला नवी खबर मिळू लागली. वहिनीच्या भाचीच्या लग्नाचा अल्बम कुठल्या पत्त्यावर गेला. चष्मा बदलायला ती कुठल्या दुकानात येते. जुनी शेजारीण आधी काहीच सांगेना, पण बाईंनी तिच्या गुडघ्यांची चौकशी केल्यावर तासभर बोलत बसली.

“माणसं कशानं सापडतात, ठाऊक आहे?” बाईंनी एकदा विचारलं. “सवयीनं आणि आपल्या माणसांमुळे.”

“मी असतो तर कधीच सापडलो नसतो,” तो म्हणाला. “नावावर फोन नाही, बँकेत खातं नाही, डॉक्टरकडेसुद्धा दुसरं नाव.”

“तुम्ही फार हुशार आहात, साहेब,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला शोधायचं म्हणजे अवघडच.”

त्या दिवशी तो शीळ घालत खोलीवर गेला. आरशासमोर उभं राहून त्यानं वाक्य घोळवलं. “ओळखलंस का, वहिनी?” आवाज चढा नको. शांत हवा. शांत आवाजाला माणसं जास्त घाबरतात. कल्पनेत वहिनी दाराची कडी धरून उभी राहायची, तिच्या हातातली बरणी खाली पडायची. एकदा तर तिनं त्याचे पाय धरले. ते त्याला इतकं आवडलं की त्यानं परत पहिल्यापासून सुरुवात केली.

अखेर बाई म्हणाल्या, “दार सापडलं. तुमच्याच जुन्या गावात, तळमजला, हिरवं फाटक. पण एक अडचण आहे.”

“काय?”

“तुमची वहिनी आता वेगळंच नाव लावते. मी तिला कधी पाहिलेलं नाही. उद्या चुकीच्या माणसाच्या दारात कोर्टाची नोटीस गेली तर मी आणि तुम्ही, दोघंही तोंडावर पडू. ओळख पटवायला घरचंच माणूस लागतं. तुम्हाला यावं लागेल.”

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. गाव सोडल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता.

“फोटो पाठवा.”

“दोनदा प्रयत्न केला. ती सावध झालीय. घर बदलण्याच्या बेतात दिसतेय. एकदा हातची निसटली की परत सापडायची नाही. बघा, तुमची मर्जी.”

निसटेल, म्हणजे सगळा पैसा घेऊन. आणि कुठंतरी मजेत राहील. रात्रभर त्याच्या डोक्यात तेच फिरत राहिलं.

“येतो,” त्यानं सकाळी कळवलं. “दाढी वाढलीय माझी. डाव्या पायानं थोडा लंगडतो. तुम्ही ओळखाल.”

दुपारी बाई बसथांब्यावर उभ्या होत्या. बुटक्या, हातात छत्री, एखाद्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकेसारख्या. दोघं चालत गेले. हिरवं फाटक आलं. त्यानं शर्टाची कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि स्वतःच बेल दाबली.

दार वहिनीनंच उघडलं. केस पिकले होते, बोटांना इस्त्रीचे चटके होते. तिच्या हातातून काही पडलं नाही.

“ओळखलंस का, वहिनी?” तो शांतपणे म्हणाला.

“या, भावजी,” वहिनी म्हणाली आणि बाजूला झाली.

आत खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर प्लायवूडचा व्यापारी बसला होता, शेजारी रंगारी, त्यापलीकडे सुताराची बायको. टेबलाशी कोर्टाचा बेलिफ वहिनीच्या वसुली दाव्यातलं वॉरंट उलगडून उभा होता आणि दाराआड एक पोलीस.

कंत्राटदार मागे वळला. बाईंनी फाटकाला कडी लावली होती. “वर्कशॉप विकल्याची बातमी मीच मामेभावाकडून पोचवली, साहेब,” त्या म्हणाल्या.

“हेच का ते?” बेलिफनं विचारलं.

“हेच,” व्यापारी म्हणाला. “दाढी नवी आहे. याला जामीन राहिल्या म्हणून या माउलीनं राहतं घर विकून आमचे पैसे फेडले.”

सुताराची बायको त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या खांद्यावरून फाटकाकडे बघत म्हणाली, “तीन वर्षं लावलीत, बाई. पण माणूस बरोबर शोधून आणलात.”