पाळणाघराचं माप

कारखान्याच्या नव्या सॉफ्टवेअरला किती सर्व्हर लागतील हे ठरवायला ती आली होती. हिशोबाप्रमाणे सर्व्हरचे कपाटाएवढे तीन रॅक लागत होते; त्यासाठी साहेब कारखान्यातलं पाळणाघर बंद करणार होते. खोली मोजायला ती आत शिरली. निळ्या पडद्यांतून उजेड झिरपत होता, बाळं निजलेली. तळ्याच्या तळाशी आल्यासारखं वाटलं. तिचेही डोळे जडावले. “मावशी, एकट्या कशा पुरता?” तिने सांभाळणाऱ्या बाईंना कुजबुजत विचारलं. “सगळी एकदम उठली तर मीच रडत बसेन! पण एक उठतं, दुसरं पेंगतं.” ती थबकली. हिशोबात तिने तिन्ही शिफ्टचे कामगार एकदम संगणकावर बसवले होते. तिथेच बसून आकडे पुन्हा मांडले. “एकच रॅक पुरेल. जिन्याखाली मावेल,” ती दारात येऊन उभ्या राहिलेल्या साहेबांना म्हणाली. “नक्की?” साहेब गरजले. “शूऽऽ!” मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. साहेब चवड्यांवर मागे सरले.